दयाळाची हद्द

पहाटेचा पहिला मान कोंबड्याचा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. गुहागरच्या खालच्या पाटात तरी तो दयाळाचा आहे. साडेपाच वाजायचेत, आगरात मिट्ट काळोख आहे, शेजारचा कोंबडा अजून खुराड्यात गप आहे, आणि आत्याच्या मागच्या पडवीवरून, उंचावरून कुठूनशी एक स्वच्छ, लांब शीळ येते. थांबते. पुन्हा येते, या वेळी शेवटाला एक गिरकी घेऊन.

मी पडवीच्या पायरीवर बसलेय. एप्रिलचा दुसरा आठवडा. उकाडा पहाटेच अंगाला चिकटतोय. दुर्बीण मांडीवर आहे, पण एवढ्या अंधारात ती निरुपयोगी, म्हणून नुसती ऐकतेय. तीन-चार सुरांचा तुकडा, मग श्वास घ्यावा एवढा विराम, मग दुसरा तुकडा. दोन्ही सारखे नाहीत. मध्येच शिंप्याच्या आवाजासारखं काहीतरी घुसतं, नंतर एक खालचा सूर, मग थेट वरचा. दुसऱ्यांचे आवाज उचलून आपल्या गाण्यात बेमालूम बसवायची या पक्ष्याला खोड आहे. आत्या आतून विचारते, "उठलीस काय गो? चहा टाकू?" मी हू म्हणते. हू म्हणताना विराम संपलेला असतो आणि दक्षिणेकडून, शेजारच्या आगरातून, दुसरी शीळ आलेली असते.

इथून पुढे गाणं बदलतं. आपला दयाळ आता विराम तोडतो. पलीकडचा तुकडा संपायच्या आत त्याचा सुरू होतो. पलीकडचाही मग तेच करतो. ऐकणाऱ्याला वाटावं जुगलबंदी रंगलीय, पण ही बैठक रंगवण्यासाठी कुणी बसलेलं नाही. ही तंटाबखेड्याची बोलणी आहेत. 'इथवर माझं' हे तो सांगतोय, आणि 'बरं, पण इथून पुढे माझं' हे उत्तर येतंय. डिसेंबरात याच पायरीवर बसलं तर दयाळ आगरात आहे की नाही याचाही पत्ता लागत नाही. फार तर तिन्हीसांजेला पातेऱ्यातून एखादी चिडकी चर्र ऐकू येते. उन्हाळा लागला की त्याला कंठ फुटतो आणि पाऊस जोर धरेपर्यंत टिकतो. घरटं, अंडी, पिल्लं सगळं त्याच काळात. ज्याला राखायला काही नाही तो पहाटे उठून एवढा घसा कशाला ताणेल?

चहा येतो तोवर आभाळ राखाडी झालंय आणि गाणारा दिसतो. तौक्ते वादळात, 2021 च्या मे महिन्यात, आत्याच्या एका माडाचा शेंडा मोडला. उरलेला बुंधा अजून उभा आहे, कारण तो पाडायला गडी मिळत नाही. त्याच्या तुटक्या टोकावर तो बसलाय. बुलबुलाएवढा, पण बुलबुलापेक्षा ताठ. डोकं, गळा, छाती काळीभोर, उजेड पडला की निळसर चमकणारी, पोट पांढरं, पंखावर एक लांब पांढरा पट्टा. शेपटी मधून काळी, कडांना पांढरी. प्रत्येक तुकड्याबरोबर ती हातपंपाच्या दांड्यासारखी वर जाते आणि खाली येते. चोच उघडते तेव्हा गळ्याची पिसं थरथरतात. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज काढायला सगळं अंग लागतं हे दुर्बिणीतूनच कळतं. नुसत्या कानांना ते फुकटात मिळाल्यासारखं वाटतं.

आत्याच्या आणि शेजारच्या आगरांमध्ये जांभ्या दगडाचा गडगा आहे. हा गडगा दोन हात इकडे की दोन हात तिकडे, यावर दोन्ही घरांत काही वर्षं बोलणं बंद होतं. मोजणी झाली, तारखा पडल्या, शेवटी दोन्हीकडची म्हातारी माणसं गेली आणि भांडण आपोआप मिटलं. दयाळांनी मात्र तो गडगा हद्द म्हणून धरलेलाच नाही. त्यांची रेघ शेजारच्या विहिरीपासून निघते, फणसाखालून जाते आणि आमच्या न्हाणीच्या मागे कुठेतरी संपते. म्हणजे शेजारच्यांचा निम्मा पोफळीचा तुकडा आमच्या दयाळाचा, आणि आमच्या न्हाणीमागची केळ त्यांच्या दयाळाची. हे मी त्यांच्या बसण्याच्या जागांवरून ताडलंय. फणसाच्या अलीकडच्या फांदीवर आपला येतो, पलीकडच्या फांदीवर तो. मधल्या फांदीवर सहसा कुणीच नाही.

सहसा. आत्ता, सहा वाजून गेल्यावर, पलीकडचा मधल्या फांदीवर येऊन बसलाय.

आपला माडाच्या टोकावरून सुटतो तो थेट फणसाच्या बुंध्याशी जमिनीवर. पलीकडचाही खाली उतरतो. दोघांमध्ये तीन-चार हातांचं अंतर. आता गाणं नाही. दोघांनी अंगं फुगवलीत, माना ताणून चोची वर केल्यात, शेपट्या पसरल्यात. पांढऱ्या कडा लखलखतायत. आपला चार पावलं उजवीकडे चालतो. तो चार पावलं डावीकडे. कुणी कुणाकडे सरळ बघत नाही. छाती तेवढी समोरच्याला दिसेल अशी धरलेली. मध्येच एकाच्या घशातून करकर येते. एक पिकलेलं फणसाचं पान दोघांच्या मधे पडतं आणि दोघंही एकदम दचकून हातभर उडतात, पुन्हा तिथेच टेकतात, जणू काही झालंच नाही. मला हसू येतं, पण त्यांचं ते चाललेलं अगदी मनापासून आहे. मग आपला अचानक झेपावतो. पलीकडचा विहिरीच्या रहाटाच्या खांबांमधून निसटतो, आपला मागोमाग, आणि दोघंही पोफळींत दिसेनासे होतात. चोचीला चोच लागली नाही. थोड्या वेळानं दोघंही आपापल्या उंच जागी बसून गात असतात. काम तोंडावर भागलं.

नेहमी भागतं असं नाही. दयाळ एकमेकांची पिसं उपटेपर्यंत भांडतात, आणि या गुणापायीच माणसांनी त्यांना झुंजीसाठीही पाळलं. आरसा दिसला तर स्वतःशीच भांडतात. शहरात हा उद्योग दयाळाचा भाऊबंद चिरक जास्त करतो. माळाकडेच्या सोसायट्यांत उभ्या गाड्यांच्या आरशांवर सकाळभर चोची आपटणारा काळा, शेपटीखाली तांबूस पक्षी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याला समोर दिसतो तो परका नर, आणि हा परका काही केल्या मागे हटत नाही. इंग्लंडात डेव्हिड लॅक नावाच्या मास्तरांनी डेव्हनमधल्या डार्टिंग्टन इथे तिकडच्या लाल छातीच्या रॉबिनच्या पायांत रंगीत कडी अडकवून कित्येक वर्षं असलीच भांडणं पाहिली, आणि 1943 साली त्यावर 'द लाइफ ऑफ द रॉबिन' हे पुस्तक लिहिलं. त्यांनी रॉबिनच्या हद्दीत पेंढा भरलेला रॉबिन ठेवला, तर मालक त्याच्यावर तुटून पडला. नुसता लाल पिसांचा झुबका ठेवला, तरी पुष्कळांनी त्यालाच शत्रू मानलं. आणि तपकिरी छातीच्या, पेंढा भरलेल्या अख्ख्या पिल्लाला फारसं कुणी विचारलं नाही. तो रॉबिन आणि आपला दयाळ आता पक्षीशास्त्रज्ञ माशीमार पक्ष्यांच्या एकाच कुळात धरतात. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर तो बिचारा बर्फात किती गोड दिसतो!

सात वाजता पंप सुरू होतो आणि आगराला शिंपणं लागतं. पाटातून पाणी धावतं, गडी फावड्यानं एका आळ्याचं तोंड फोडतो, दुसऱ्याचं बुजवतो. आणि आता पहिल्यांदा मादी दिसते. पहाटेपासून सगळं कौतुक नराचं चाललंय. ती होतीच, पण गात नव्हती आणि रंगानंही हाका मारत नव्हती. नर जिथे काळा तिथे ती राखी, पाटीच्या दगडाच्या रंगाची. पोफळींच्या सावलीत ती हलली नाही तर दिसत नाही.

पण ती हलतेय. पाणी आळ्यात शिरलं की पातेऱ्याखालचे किडे, वाळवी, गांडुळं जीव घेऊन वर येतात, आणि ती नेमकी पाण्याच्या पुढच्या कडेबरोबर चालते. दोन उड्या, थांबा, मान वाकडी, शेपटी वर, चोच खाली. गडी फावडं मारतो तिथून दोन हातांवर ती उभी असते. त्याला तिचं काही नाही, तिला त्याचं काही नाही. तो आळं सोडून पुढे सरकला की तीही सरकते. इंग्लंडात बागकाम करणाऱ्याच्या कुदळीच्या दांड्यावर रॉबिन येऊन बसतो म्हणतात, ते हेच. जंगलात रानडुकरं माती उकरायची त्यांच्या मागे हे पक्षी लागत असावेत, आता माणूस उकरतो म्हणून माणसाच्या मागे. आपण त्याला मैत्री म्हणून मोकळे.

तिच्या चोचीत आता एक गांडूळ आहे आणि एक नाकतोडा. तिसरं काहीतरी दिसलंय. ती आधीचे दोन खाली ठेवत नाही. चोच किंचित तिरकी करून तिसराही त्यांच्याच ओळीत पकडते. मग सरळ माडाकडे जात नाही. आधी केळीवर, मग गडग्यावर, मग मिरवेलीच्या आडोशाला. तिथे बसून चारी बाजूंना बघते. आणि एकदम, एका झेपेत, बुंध्यावरच्या भोकात.

भोक दीड पुरुष उंचीवर आहे. कधीकाळी सुतारपक्ष्यानं कोरलेलं असणार. मी मांगराच्या दारामागे सरकते, तिथून ते समोर येतं. आत पिल्लं आहेत हे आवाजावरून कळतं: ती आत शिरताच एक बारीक, चिरका कल्लोळ उठतो आणि ती बाहेर येताच बंद पडतो, बटण दाबल्यागत. बाहेर येताना तिच्या चोचीत पांढरी, ओलसर, गुळगुळीत पुडी आहे. ही पिल्लाची शी. पातळ पापुद्र्यात बांधलेली येते, म्हणून चोचीत धरता येते. ती घरट्याखाली टाकून द्यायला काय हरकत होती? पण ती ती घेऊन पार विहिरीपल्याड जाते आणि तिथे टाकते. बुंध्याखालचा पातेरा त्यामुळे कोरा करकरीत आहे. खाली उभं राहून वर घर असल्याचा संशय कुणाला येणार नाही.

नरही खाऊ आणतो. पण मी घड्याळ न लावताही सांगते, तिच्या दोन-तीन खेपांमागे त्याची एक. आणि त्या खेपेलाही तो आधी टोकावर बसून एखादा तुकडा गाऊन घेतो. घरटं बांधलं तिनं, अंडी उबवली एकटीनं. पिल्लं भरवण्यात तेवढा त्याचा वाटा. हे आत्याला सांगितल्यावर ती पोह्यांवर खोबरं पेरता पेरता म्हणते, "त्यात नवीन काय सांगत्येस?"

नऊच्या सुमाराला आगरात एकदम आरडाओरड. चर्र, चर्र, चर्र, दोन्ही दयाळ एका सुरात, त्यांच्या जोडीला बुलबुल, शिंपी, आणि कुठूनसे येऊन धडकलेले सातभाई. मी धावत जाते. मिरवेलीच्या बुडाशी, तांबड्या पंखांचा, लालभडक डोळ्यांचा भारद्वाज सावकाश पाय टाकत चाललाय. त्याला घाई नाही. एकेक झावळी उचलून बघावी तसं बघतोय. माडाच्या बुंध्याशी येतो, मान वर करतो.

माझ्या मागून आत्या आलेली आहे. भारद्वाज दिसताच ती ओल्या हातांनीच नमस्कार करते. "सकाळी सकाळी दर्शन झालं, चांगलं झालं हो."

"आत्या, तो पिल्लं खायला आलाय."

"असू दे. नमस्कार करायला काय जातं?"

भारद्वाज बुंध्यावर चढायला लागतो. त्याला नीट उडता येत नाही, पण चढायला छान येतं. नख्या रुतवून, शेपटी टेकवत. आता नर त्याच्या पाठीवर आदळतो. खरंच आदळतो, पिसांवर पिसं बसल्याचा फट्ट आवाज इथवर येतो. मादी भोकाच्या तोंडाशी पंख पसरून चिकटलीय. नर वळतो, पुन्हा आदळतो, या वेळी डोक्यावर. आणि दक्षिणेकडून आणखी एक काळा-पांढरा फटकारा येतो, तो पलीकडचा! ज्याला सकाळी फणसाखालून हाकललं तोच आता हद्द ओलांडून भारद्वाजाच्या डोक्यावरून चर्र करत जातो, आणि आपला त्याला काही म्हणत नाही. भारद्वाजाला हे जड होतं. तो अर्ध्यातून खाली उडी टाकतो आणि घायपाताच्या गचपणात घुसतो. सातभाई त्याला पोचवायला बरेच लांब जातात.

मग शांतता होते, आणि त्या शांततेत आपल्या दयाळाच्या ध्यानात येतं की पलीकडचा अजून इथेच बसलाय. पुढच्या क्षणी दोघंही विहिरीकडे.

दुपारभर काही विशेष नाही. खेपा चालू राहतात, पण लांबलांबच्या. उन्हं डोक्यावर आली की पक्षी आणि माणसं दोन्ही पडून असतात. नर एकदा पोफळीच्या गळून पडलेल्या विरीत साचलेल्या पाण्यात आंघोळ करतो: आधी छाती, मग डोकं, मग पंख फडफडवून सगळ्या अंगावर, आणि बाहेर येऊन झावळीवर बसतो तेव्हा इतका चोपलेला, बारका दिसतो की हाच का तो, असं वाटावं. याच्या गळ्यापायी आपल्याकडे त्याला पिंजऱ्यात कोंडत. वन्यजीव संरक्षण कायद्यानं आता आपले देशी पक्षी पकडणं गुन्हा आहे, तरी बाजार पुरता उठलेला नाही. आग्नेय आशियात तर दयाळांच्या गाण्याच्या चढाओढी लागतात, आणि पकडून पकडून सिंगापुरात तो जवळपास दिसेनासा झाला होता. शेजारच्या बांगलादेशानं त्यालाच राष्ट्रीय पक्षी केलाय. पिंजऱ्यातल्या दयाळाचं गाणं मी ऐकलेलं नाही आणि ऐकायची इच्छाही नाही. राखायला ना आगर, ना फणस, ना भोक. मग तो कुणाला काय सांगत असेल?

साडेसहा. बाकीचे पक्षी आवरते घेतायत. बुलबुल जायफळाच्या झाडात भांडून भांडून जागा धरतायत, कावळे समुद्राकडून परततायत. दयाळांचं मात्र आत्ता खरं जोरात आहे. या उजेडात, आपल्याला पातेरा नीट दिसत नाही तेव्हा, त्यांना किडे दिसतात. मादीच्या खेपा पुन्हा वाढल्या आहेत. नर पडवीपर्यंत येतो. आत्यानं दिवा लावलाय, दिव्याशी पाखरं जमलीत, आणि पाखरांसाठी भिंतीवर पाली. नर कठड्यावर बसतो, शेपटी वर, खाली. माझ्यात आणि त्याच्यात चार हात. त्याचा काळा डोळा आणि त्यात दिव्याचा ठिपका इतका स्पष्ट दिसतोय की मी श्वासही जपून घेतेय.

तो उडतो, भिंतीला नुसता चाटून गेल्यासारखा, आणि परत कठड्यावर येतो तेव्हा चोचीत पालीचं पिल्लू आहे. बोटाच्या दोन पेरांएवढं. तो ते जांभ्यावर आपटतो. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. शेपूट तुटून खाली वळवळतं; त्याकडे तो बघतही नाही.

"बरं झालं," दारातून आत्या. "तेवढीच एक कमी."

तो ते घेऊन माडाकडे जातो, भोकाच्या तोंडाशी लटकतो, डोकं आत घालतो. पाल आडवी आहे. तोंड आत जातं, पाल जात नाही. बाहेर येतो, पाल उभी करून धरतो, पुन्हा आत घालणार तेवढ्यात विहिरीकडून शीळ. लांब, स्वच्छ, शेवटाला गिरकी. पलीकडचा रहाटाच्या खांबावर बसलाय, पहाटेपेक्षा चांगला वीस हात अलीकडे.

आपला चोचीत पाल धरून आक्रसतो. शेपटी वर जाते. गळा फुगतो. आवाज निघत नाही, निघणार कसा! पलीकडून दुसरा तुकडा येतो, तिसरा येतो. पिल्लं आतून किंचाळतायत. तो बुंध्यावर एकदा खाली सरकतो, एकदा वर, आणि मग मान मागे टाकून दोन-तीन हिसक्यांत ती अख्खी पाल स्वतःच गिळतो आणि टोकावर जाऊन बसतो आणि जी काय शीळ घालतो ती समुद्रापर्यंत जावी.

"बघितलंस? स्वतःच खाल्लीन मेल्यानं," आत्या म्हणते.

मादी सुरवंट घेऊन केळीवर आलेली असते. तिथून गडग्यावर, तिथून मिरवेलीच्या आडोशाला. चारी बाजूंना बघून ती आत जाते, कल्लोळ उठतो, बंद होतो, आणि पांढरी पुडी घेऊन ती विहिरीपल्याड जायला निघते, भांडणाऱ्या दोघांच्या बरोबर मधून.